न चिरता पाहिलेला मेंदू

ही गोष्ट 1967 ते 1971 या वर्षांमधील आहे. लंडन शहरातील लोक नेहमीप्रमाणे सार्वजनिक वाहनांतून आपापल्या कामाला जात होते. त्यांच्यातच एक अबोल गृहस्थ प्रवास करीत होते. त्यांच्या जवळच्या सामानात काय आहे, हे शेजारच्या प्रवाशांना कळते, तर ते खचित दचकले असते. हे गृहस्थ बैलाचा ताजा मेंदू घेऊन आपल्या प्रयोगशाळेकडे चालले होते!

या गृहस्थांचे नाव गॉडफ्रे हाउन्सफील्ड. ते डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञही नव्हते. ते एक इंजिनिअर होते. मग बैलाच्या मेंदूची त्यांना गरज का पडावी? हे समजण्यासाठी आपणांस थोडे मागे गेले पाहिजे.

नारळ गोड आहे की कुजका आहे, हे तो फोडल्याशिवाय कळत नाही. मेंदूचेही पुष्कळ काळपर्यंत असेच होते. निसर्गाने हा नाजूक अवयव कवटीच्या भक्कम पेटीत जपून ठेवला आहे. हे संरक्षण फार मोलाचे आहे यात शंका नाही. परंतु मेंदूच्या आत काही विकार झाला, म्हणजे हीच पेटी वैद्यांच्या वाटेत उभी राही.

8 नोव्हेंबर 1895 रोजी जर्मनीतील वुर्झबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन या शास्त्रज्ञाला एका नव्या प्रकारच्या किरणांचा शोध लागला. हे किरण डोळ्यांना दिसत नसत. पण कागद, लाकूड आणि माणसाचे मांस यांतून ते आरपार जात. त्यांचे स्वरूप अज्ञात होते, म्हणून राँटगेनने त्यांना ‘क्ष-किरण’ हे नाव दिले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याने आपल्या पत्नीच्या हाताचे छायाचित्र या किरणांच्या साहाय्याने घेतले. त्यात बोटांची हाडे आणि बोटातील अंगठी स्पष्ट दिसत होती. शरीर न चिरता त्याच्या आत पाहण्याचे दार अशा रीतीने उघडले गेले.

तथापि, या दाराने मेंदूपर्यंत पोहोचता येईना. याची कारणे दोन होती. क्ष-किरणांचे चित्र ही खरे म्हणजे एक सावली असते. दिव्यासमोर एकामागे एक अशा चार वस्तू धरल्या, तर भिंतीवर त्या चौघींच्या सावल्या एकमेकींत मिसळून जातात. कोणती वस्तू पुढे आहे आणि कोणती मागे, हे सावलीवरून सांगता येत नाही. क्ष-किरणांच्या चित्रातही पुढचे व मागचे सारे भाग एकाच कागदावर एकत्र येतात. दुसरे कारण असे की, हाड क्ष-किरणांना पुष्कळ अडविते, पण मेंदूसारखे मऊ भाग त्यांना फारच थोडे अडवितात. त्यामुळे चित्रात कवटी ठळक दिसे आणि मेंदू मात्र नुसता धूसर पुंजका होऊन राही. मेंदूतील गाठीचा छडा लावण्यासाठी डॉक्टरांना त्या काळी रोग्याच्या पाठीच्या कण्यातून हवा भरून ती मेंदूतील पोकळ्यांपर्यंत पोहोचवावी लागे आणि मग क्ष-किरणांचे चित्र घ्यावे लागे. या उपायाने रोग्याचे डोके असह्य दुखे. इतके सोसूनही चित्रात दिसे ती केवळ पोकळ्यांची आकृती. प्रत्यक्ष मेंदू दिसत नसे.

हाउन्सफील्ड यांचा जन्म 1919 साली इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशर परगण्यात झाला. ते एका शेतकऱ्याच्या घरात वाढले. शेतावरील यंत्रे कशी चालतात हे पाहण्यात आणि नाना प्रकारचे प्रयोग करण्यात या मुलाचा सारा वेळ जाई. एकदा घरी बनविलेल्या पंखांच्या आधारे त्याने गवताच्या गंजीवरून उडी घेतली होती! शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान हे दोनच विषय त्याला मनापासून आवडत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानदलात त्यांनी रडार यंत्राचे काम शिकून घेतले. पुढे 1951 साली ते ई. एम. आय. या कंपनीत रुजू झाले. ही कंपनी गाण्याच्या तबकड्यांसाठी प्रसिद्ध होती. पण तेथे विजेची नवनवी उपकरणेही तयार होत. तेथे हाउन्सफील्ड यांनी ट्रान्झिस्टरवर चालणारा एक मोठा संगणक तयार करण्याच्या कामी पुढाकार घेतला.

1967 साली एकदा मोकळ्या माळरानात दूरवर फिरत असता त्यांच्या मनात एक विचार आला. एखादी बंद पेटी आहे. ती उघडावयाची नाही. पण तिच्यातून सर्व बाजूंनी किरण पाठविले आणि दर वेळी किती किरण अडले याची नोंद ठेवली, तर आत कोठे काय आहे हे गणिताने सांगता येणार नाही काय?

हा विचार वरवर पाहता अवघड वाटतो. पण एका साध्या उदाहरणाने तो सहज ध्यानात येईल. चार खणांची एक बंद पेटी आहे, असे समजू. दोन खण वर आणि दोन खण खाली. प्रत्येक खणात काही गोट्या आहेत. वरच्या दोन खणांत मिळून 4 गोट्या आहेत आणि खालच्या दोन खणांत मिळून 6 आहेत, एवढे आपणांस कळले. शिवाय डावीकडील दोन खणांची बेरीज 5 आणि उजवीकडील दोन खणांची बेरीजही 5 आहे, असे समजले. आता प्रत्येक खणात किती गोट्या आहेत हे सांगता येईल काय? वर 3 व 1 आणि खाली 2 व 4 असे उत्तर जुळते. पण वर 2 व 2 आणि खाली 3 व 3 हे उत्तरही तितकेच जुळते! म्हणजे दोनच बाजूंनी पाहून खरे काय ते ठरत नाही. आता पेटीकडे तिरपे पाहू. वरच्या डाव्या आणि खालच्या उजव्या खणांची बेरीज 7 आहे, एवढी एकच अधिक माहिती मिळाली, की शंका उरत नाही. पहिले उत्तर बरोबर, दुसरे चूक. पेटी न उघडताच आतील गोट्या मोजल्या गेल्या!

मेंदूच्या बाबतीत खण चार नसतात, हजारो असतात. म्हणून दिशाही पुष्कळ घ्याव्या लागतात आणि बेरजा सोडविण्यासाठी संगणक लागतो. याच गणिताचा विचार अ‍ॅलन कॉरमॅक यांनी आधीच केला होता. दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊन येथील एका रुग्णालयात 1956 साली काम करीत असता त्यांना हा प्रश्न सुचला आणि 1963 व 1964 साली त्यांनी आपले लेख प्रसिद्ध केले. पण त्यांकडे तेव्हा फारसे कोणी लक्ष दिले नाही. हाउन्सफील्ड यांनाही त्यांची वार्ता नव्हती. एकाच शिखराकडे दोन प्रवासी दोन वाटांनी चालले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

हाउन्सफील्ड यांची पहिली सामग्री अगदी साधी होती. कारखान्यात लोखंड कातण्यासाठी लेथ यंत्र असते. त्याचाच सांगाडा त्यांनी घेतला. त्यावर एका बाजूस गॅमा किरण देणारा पदार्थ व दुसऱ्या बाजूस किरण मोजणारे साधन बसविले आणि मधोमध तपासावयाची वस्तू ठेवली. किरण एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकत जात. एक फेरी पुरी झाली, की वस्तू एक अंशाने फिरवीत आणि पुन्हा फेरी सुरू होई. अशी सुमारे 28000 मोजमापे घ्यावी लागत. ती कागदी फितीवर आपोआप नोंदली जात. हे किरण इतके क्षीण होते, की एका चित्राची मोजमापे पुरी होण्यास नऊ दिवस लागले! त्यानंतर मोठ्या संगणकालाही ती बेरीज-वजाबाकी उलगडण्यास अडीच तास लागले. पुढे गॅमा किरणांऐवजी अधिक प्रखर अशी क्ष-किरणांची नळी बसविली, तेव्हा नऊ दिवसांचे काम नऊ तासांवर आले.

मग एका रुग्णालयाच्या संग्रहालयातून मानवी मेंदूचा जतन केलेला नमुना मिळाला. त्याचे चित्र घेतले, तेव्हा प्रयोगशाळेतील मंडळींच्या आनंदाला पारावार उरला नाही. मेंदूत करडे आणि पांढरे अशी दोन प्रकारची द्रव्ये असतात. त्यांतील भेद या चित्रात स्पष्ट दिसत होता. पूर्वीच्या कोणत्याही क्ष-किरण चित्रात हा भेद दिसला नव्हता.

दुसरा कोणी असता, तर या यशाने हुरळून गेला असता. पण या चित्राची बारकाईने छाननी झाली, तेव्हा एक गोष्ट उघड झाली. तो मेंदू कुजू नये म्हणून फॉर्मॅलिन नावाच्या द्रवात ठेवलेला होता. त्या द्रवामुळेच दोन द्रव्यांमधील फरक होता त्याहून मोठा दिसत होता! चित्र सुंदर होते. पण ते जिवंत माणसाच्या मेंदूविषयी खरे बोलत होते काय? जर हा सारा भेद फॉर्मॅलिनचीच करामत असेल, तर रोग्यांना या यंत्राचा काहीच उपयोग होणार नव्हता. इतक्या दिवसांचे श्रम एका क्षणात वाया जाण्याची ती वेळ होती.

यासाठीच बैलाचे ताजे मेंदू हवे होते. त्यांना कोणत्याही द्रवाचा स्पर्श झालेला नव्हता. हाउन्सफील्ड यांनी त्यांची चित्रे घेऊन आधीच्या निष्कर्षाचा पडताळा घेतला. ताज्या मेंदूत करड्या व पांढऱ्या द्रव्यांतील भेद पहिल्या चित्राइतका ठळक दिसला नाही. परंतु तो दिसला, आणि मेंदूच्या रचनेचे पुष्कळ बारकावेही दिसले. पहिले चित्र अधिक देखणे होते, दुसरे अधिक खरे होते. हाउन्सफील्ड यांनी दुसऱ्यावर विश्वास ठेवला आणि ते पुढे गेले.

1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनमधील अ‍ॅटकिन्सन मोर्ले रुग्णालयात एका आजारी स्त्रीच्या डोक्याचे चित्र या यंत्राने घेण्यात आले. तिच्या मेंदूत गाठ असावी, असा डॉक्टरांना संशय होता. चित्रात ती गाठ काळ्या वर्तुळाच्या रूपाने स्वच्छ दिसली. कवटीला धक्काही न लावता मेंदूतील विकार डोळ्यांना दिसला! आज मोठ्या रुग्णालयांतून जे ‘सी. टी. स्कॅन’ नावाचे यंत्र असते, त्याचा प्रारंभ हा असा झाला. 1979 साली हाउन्सफील्ड आणि कॉरमॅक यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. दोघांपैकी एकही वैद्य नव्हता, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

एका चित्रात मेंदूची एक चकती दिसते. काकडीच्या चकत्या क्रमाने एकापुढे एक रचल्या, तर पुन्हा अखंड काकडीचा आकार मिळतो. त्याचप्रमाणे मेंदूच्या अनेक चकत्यांची चित्रे संगणकाने एकत्र जुळविली, म्हणजे लांबी, रुंदी आणि खोली अशा तिन्ही मिती असलेला अखंड मेंदू समोर उभा राहतो. तो पडद्यावर हवा तसा फिरविता येतो, हव्या त्या ठिकाणी ‘कापून’ पाहता येतो. आणि खरा मेंदू मात्र जसाच्या तसा राहतो.

ही विद्या तेथेच थांबली नाही. 1982 साली इंग्लंडमध्ये इलियट आणि डोव्हर या दोन संशोधकांनी एका छोट्या गोगलगाईच्या शंखाचे असेच त्रिमितीय चित्र तयार केले. त्यात मिलिमीटरच्या ऐंशीव्या भागाएवढे बारकावे दिसत होते. मग साहजिकच शास्त्रज्ञांचे लक्ष लहान प्राण्यांच्या मेंदूकडे वळले. प्रयोगशाळेतील उंदराचा मेंदू सुमारे अर्धा ग्रॅम वजनाचा, म्हणजे जेमतेम शेंगदाण्याच्या दाण्याएवढा असतो. पण त्यात सुमारे सात कोटी चेतापेशी असतात, आणि त्यांच्या तंतूंचे जाळे इतके दाट असते, की त्यापुढे रानातील वेलींची गुंतागुंतही सोपी वाटावी.

हे जाळे पाहण्यासाठी पूर्वीपासून मेंदूचे अतिशय पातळ काप करून ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्याची पद्धत आहे. ती उत्तम आहे. पण हजारो काप करताना एखादा काप फाटतो, एखादा सुरकुततो, आणि तुटलेला धागा पुढच्या कापात शोधणे कठीण होते. क्ष-किरणांनी मेंदूचा तुकडा अखंड ठेवूनच आत पाहता येते, आणि मग हवा तेवढाच भाग कापून सूक्ष्मदर्शकाखाली नेता येतो.

परंतु मऊ पेशी क्ष-किरणांना फारशा अडवीत नाहीत, ही जुनी अडचण येथेही होतीच. म्हणून संशोधक मेंदूच्या तुकड्याला ऑस्मिअम या जड धातूच्या संयुगाचा लेप देतात. हे संयुग पेशींच्या स्निग्ध आवरणांना चिकटते आणि ती आवरणे चित्रात ठळक दिसू लागतात. येथे एक मौज ध्यानात येते. हाउन्सफील्ड यांच्या पहिल्या चित्रात द्रवामुळे भेद मोठा झाला, तो दोष होता. येथे भेद मोठा करणे हेच साधन झाले. फरक इतकाच, की तेथे तो नकळत घडला होता, येथे तो जाणून केलेला असतो. या प्रक्रियेत तुकडा थोडा आकसतो, हेही संशोधकाला हिशेबात धरावे लागते.

याहून सूक्ष्म पाहण्यासाठी अतिशय प्रखर किरण लागतात. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे 844 मीटर परिघाचे एक प्रचंड वर्तुळाकार यंत्र आहे. त्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात आणि वळताना क्ष-किरण बाहेर टाकतात. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तेथे फळमाशी व उंदीर यांच्या चेतासंस्थेच्या तुकड्यांची त्रिमितीय चित्रे घेण्यात आली. त्यांत 100 नॅनोमीटरहून लहान बारकावे दिसले. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. माणसाच्या केसाची जाडी साधारणतः 80000 नॅनोमीटर असते, हे लक्षात घेतले म्हणजे या दृष्टीची सूक्ष्मता कळून येईल. अशा चित्रांवरून कोणता तंतू कोठून कोठे जातो, याचा माग काढता येतो. वृद्धपणी स्मृती नष्ट करणाऱ्या अल्झायमर या रोगाचा अभ्यास करण्यासाठीही उंदरांच्या मेंदूची अशी चित्रे उपयोगी पडतात.

मात्र या दृष्टीलाही मर्यादा आहेत. इतके प्रखर किरण जिवंत पेशींना अपाय करतात. म्हणून ही सूक्ष्म चित्रे प्राण्याच्या मृत्यूनंतर घेतलेल्या तुकड्यांचीच असतात. त्यांवरून मेंदूतील वाटा दिसतात; त्या वाटांवरून विचार कसा धावतो, हे दिसत नाही. शिवाय ज्ञानासाठी मुक्या प्राण्यांचे जीव खर्ची पडतात, याचा विसर पडून चालणार नाही. 1959 साली रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी असे प्रतिपादन केले, की प्राण्यांऐवजी दुसरे साधन चालत असेल तर तेच वापरावे, प्राणी लागलेच तर शक्य तितके थोडे घ्यावेत, आणि त्यांना कमीत कमी त्रास व्हावा. भारतातही 1960 च्या कायद्याने प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवण्यासाठी समिती नेमण्याची तरतूद केली आहे. एकाच मेंदूपासून अधिकाधिक माहिती मिळाली, तर तितके जीव वाचतात, ही या नव्या विद्येची आणखी एक जमेची बाजू होय.

आज एखाद्या रोग्याला काही मिनिटांत यंत्रातून बाहेर आणले जाते आणि त्याच्या मेंदूचे चित्र डॉक्टरांच्या हाती पडते. त्या चित्रावर विश्वास ठेवून शस्त्रक्रिया करावयाची की नाही, हे ठरविले जाते. तो विश्वास सार्थ ठरतो, कारण एका इंजिनिअरने आपल्या सुंदर चित्राविषयी स्वतःच शंका घेतली आणि सत्य पडताळून पाहण्यासाठी बैलाचा मेंदू हाती घेऊन लंडनच्या रस्त्यांवरून प्रवास केला. नवे पाहण्यासाठी तीक्ष्ण दृष्टी लागते. पण जे दिसले ते खरे आहे काय, हे विचारण्यासाठी त्याहून मोठा प्रामाणिकपणा लागतो.

शब्दार्थ

खचित – नक्की. छडा लावणे – शोधून काढणे. पारावार – सीमा. छाननी – बारीक तपासणी. हुरळून जाणे – आनंदाने भान विसरणे. पडताळा घेणे – खरेखोटे तपासून पाहणे. त्रिमितीय – लांबी, रुंदी व खोली असलेले.

स्वाध्याय

1. क्ष-किरणांच्या साध्या चित्रात मेंदू स्पष्ट का दिसत नसे? दोन कारणे लिहा.

2. मानवी मेंदूचे पहिले चित्र सुंदर असूनही हाउन्सफील्ड यांचे समाधान का झाले नाही?

3. ‘पहिले चित्र अधिक देखणे होते, दुसरे अधिक खरे होते.’ या वाक्याचा अर्थ आपल्या शब्दांत स्पष्ट करा.

4. चार खणांच्या एका बंद पेटीत वरच्या खणांची बेरीज 7, खालच्या खणांची 5, डावीकडील खणांची 6 व उजवीकडील खणांची 6 आहे. वरच्या डाव्या आणि खालच्या उजव्या खणांची बेरीज 9 आहे. प्रत्येक खणात किती गोट्या आहेत?

5. पुढील वाक्प्रचारांचा आपल्या वाक्यांत उपयोग करा : छडा लावणे, हुरळून जाणे, पडताळा घेणे, हिशेबात धरणे.

6. स्वतःचे एखादे उत्तर बरोबर आले असे वाटूनही तुम्ही ते पुन्हा तपासले आणि त्यात चूक सापडली, असा एखादा प्रसंग दहा ओळींत लिहा.